अवघड फँटसी वाचताना शब्द खरेच शिकले जातात का?

इंग्रजीतून फँटसी वाचणारे मराठी वाचक आता मोजके राहिलेले नाहीत. हॅरी पॉटरवर वाढलेली मुले टॉल्किनकडे वळतात. त्यांतली काही पुढे जीन वुल्फ, स्टीफन डोनाल्डसन, स्टीव्हन एरिक्सन यांच्यापर्यंत पोचतात आणि तिथे अनेकांचे वाचन अडते. कथा त्यांना आवडत असते. अडवतात ते शब्द. एका पानावर दहा-पंधरा शब्द अनोळखी निघाले की काही जण आपले इंग्रजीच कच्चे असे ठरवून पुस्तक बाजूला ठेवतात. जे नेटाने पुढे जातात त्यांना घरातले आणि शाळेतले मोठे धीर देतात, ‘वाचत राहा, शब्द आपोआप येतील.’

हे दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. वाचनातून शब्द कसे शिकले जातात यावर १९७०च्या दशकापासून भरपूर संशोधन झाले आहे. त्यातले काही महत्त्वाचे प्रयोग तर कादंबऱ्यांवरच झालेले आहेत. ते प्रयोग आणि अवघड फँटसी कादंबऱ्या शेजारी ठेवून पाहिल्या की एक गोष्ट लक्षात येते. अवघड फँटसी शब्द शिकवते, पण ती सगळे शब्द सारखे शिकवत नाही, आणि अवघडपणा वाढला म्हणून शिकणे वाढत नाही. कोणता शब्द टिकतो आणि का टिकतो, हे कळले तर अशी पुस्तके अधिक आनंदाने आणि अधिक लाभाने वाचता येतील.

अनोळखी शब्दांच्या तीन जाती

फँटसीतला प्रत्येक अनोळखी शब्द एकाच जातीचा नसतो. पहिली जात लेखकाने घडवलेल्या शब्दांची. रिचर्ड अ‍ॅडम्स यांच्या ‘वॉटरशिप डाउन’ (१९७२) या कादंबरीतल्या सशांची स्वतःची भाषा आहे. ‘एलिल’ म्हणजे शत्रू, ‘सिल्फ्ले’ म्हणजे बिळाबाहेर येऊन चरणे, ‘ह्रुडुडु’ म्हणजे मोटार. हे शब्द पुस्तकाबाहेर कुठेही कामी येत नाहीत. पुस्तकात मात्र त्यांच्याशिवाय चालत नाही.

दुसरी जात विस्मृतीत गेलेल्या खऱ्या शब्दांची. टॉल्किन भाषाशास्त्रज्ञ होते. १९१९-२०च्या सुमारास त्यांनी ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत डब्ल्यू अक्षराच्या काही नोंदींवर काम केले होते. त्यांच्या हॉबिटांच्या तोंडी ‘मॅथम’ असा शब्द आहे. घरात उपयोग नसलेली, तरी टाकवत नाही अशी वस्तू म्हणजे मॅथम. हा शब्द त्यांनी जुन्या इंग्रजीतून उचललेला आहे. जीन वुल्फ यांनी ही रीत टोकाला नेली. ‘द बुक ऑफ द न्यू सन’ या त्यांच्या चार भागांच्या कादंबरीत (१९८० ते १९८३) दर काही ओळींनी नवा वाटणारा शब्द येतो, पण त्यांतले बहुतेक शब्द इंग्रजी, लॅटिन, ग्रीक किंवा अरबी मुळांचे जुने शब्द आहेत. आपण अजून जन्माला न आलेल्या भाषेतून अनुवाद करतो आहोत आणि जवळात जवळचा जुना शब्द वापरतो आहोत, अशी भूमिका वुल्फ यांनी घेतली आहे. ‘डेस्ट्रिअर’ हा मध्ययुगीन युद्धातला घोडा. वुल्फ यांच्या जगात त्या नावाचा प्राणी घोड्याची जागा घेतो, पण तो आपल्या ओळखीचा घोडा नाही. ‘अल्झाबो’ हे नाव तरसाच्या अरबी नावावरून घेतले आहे, पण कादंबरीतले हे श्वापद ज्याला खाते त्याच्या आवाजात बोलते. वुल्फ यांनी आपल्या शब्दांबद्दल ‘द कॅसल ऑफ द ऑटर’ (१९८२) या पुस्तकात स्वतः लिहिले. पुढे १९९४ मध्ये मायकल आंद्रे-ड्रिऊसी यांनी या मालिकेचा ‘लेक्सिकन अर्थस’ हा स्वतंत्र कोशच तयार केला.

तिसरी जात रोजच्या बोलण्यात न येणाऱ्या, पण साहित्यात, नियतकालिकांत, निबंधांत आजही जिवंत असलेल्या शब्दांची. १९७७ मध्ये सुरू झालेल्या डोनाल्डसन यांच्या ‘थॉमस कव्हनंट’ मालिकेत असे शब्द विपुल आहेत. सामर्थ्यासाठी ‘पुइसन्स’, रुपेरीसाठी ‘आर्जंट’, अशी त्यांची सवय. यांतले काही शब्द पुरातन वाटतात, तर काही इतर गंभीर लेखनात पुन्हा भेटतात.

शब्दसंग्रह वाढवू पाहणाऱ्या वाचकासाठी ही तिसरी जात सर्वांत मोलाची, कारण ती पुस्तकाच्या सीमेबाहेर टिकते. अडचण अशी की पान वाचताना तिन्ही जाती सारख्याच अनोळखी दिसतात. म्हणून हा शब्द कोणत्या जातीचा, हे ओळखणे हे अशा वाचकाचे पहिले कौशल्य.

एका कादंबरीवरचा प्रयोग

१९७८ मध्ये सारागी, नेशन आणि माइस्टर या संशोधकांनी एक नामी युक्ती केली. अँथनी बर्जेस यांच्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ (१९६२) या कादंबरीत टोळीतली मुले ‘नॅडसॅट’ नावाची बोली बोलतात. तिच्यातले बहुतेक शब्द रशियन मुळांचे असल्यामुळे सर्वसाधारण इंग्रज वाचकाला ते पूर्ण अनोळखी असतात. ही कादंबरी फँटसी नव्हे, भविष्यकाळातली आहे. तरी अनोळखी शब्दांच्या जगात वाचकाला लोटून देण्याची तिची रीत तीच आहे. संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा असलेल्या प्रौढांना शब्दसूची नसलेली प्रत वाचायला दिली. पुढे शब्दांची परीक्षा होणार, हे त्यांना सांगितले नाही. पुस्तकात असे २४१ शब्द होते आणि प्रत्येक शब्द सरासरी पंधरा वेळा येत होता. काही दिवसांनी त्यांतल्या ९० शब्दांची चाचणी घेतली, तेव्हा वाचकांना सरासरी ७६ टक्के शब्दांचे अर्थ बरोबर ओळखता आले.

या निकालाने वाचनातून शब्द येतात या मताला मोठा आधार मिळाला. त्यातला बारकावाही तितकाच महत्त्वाचा. जे शब्द सहा किंवा अधिक वेळा आले होते ते बहुतेकांनी शिकले. जे त्याहून कमी वेळा आले ते जेमतेम निम्म्यांच्या लक्षात राहिले. थोडक्यात, शिकवण्याचे काम पुनरावृत्तीने केले होते.

दुसरी भाषा म्हणून इंग्रजी वापरणाऱ्यांचे काय? १९८९ मध्ये पिट्स, व्हाइट आणि क्रॅशन यांनी याच कादंबरीची पहिली दोन प्रकरणे इंग्रजी शिकणाऱ्या प्रौढांना तासभर वाचायला दिली. त्यांनाही शब्द आले, पण थोडे. तपासलेल्या शब्दांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी. दोन प्रकरणांत पुनरावृत्तीला फारसा वावच नव्हता. २०१० मध्ये पेयिसेर-सान्चेस आणि श्मिट यांनी चिनुआ अचेबे यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ ही पूर्ण कादंबरी प्रगत पातळीवर इंग्रजी शिकणाऱ्या स्पॅनिश भाषकांना दिली आणि तिच्यातले इग्बो शब्द तपासले. जे शब्द दहाहून अधिक वेळा आले होते, त्यांचे अर्थ पर्यायांतून ओळखणे वाचकांना बहुतांशी जमले. मात्र अर्थ स्वतः आठवून सांगण्याची वेळ आली तेव्हा यश निम्म्याच्या आसपास उतरले. इंग्रजी आपली दुसरी भाषा असल्यामुळे मराठी वाचकाला हा निकाल सर्वांत जवळचा.

एकदाच भेटणारे शब्द

आता सामान्य पुस्तकांकडे वळू. कोणत्याही मोठ्या मजकुरातल्या वेगवेगळ्या शब्दांची यादी केली तर जवळजवळ निम्मे शब्द त्यात एकदाच आलेले दिसतात. झिफ यांच्या नावाने ओळखला जाणारा शब्दवारंवारितेचा नियम याच्याशी जोडलेला आहे. नॅगी, हर्मन आणि अँडरसन यांनी १९८०च्या दशकात अमेरिकन शाळकरी मुलांवर केलेल्या अभ्यासांत एकदा वाचलेला अनोळखी शब्द लक्षात राहण्याची शक्यता साधारण विसांत एक निघाली. १९९९ मध्ये स्वॅनबोर्न आणि द ग्लॉपर यांनी अशा वीस प्रयोगांचे एकत्र विश्लेषण केले. त्यात सहज वाचताना अनोळखी शब्दांपैकी सुमारे १५ टक्के शब्द काही प्रमाणात शिकले जातात असे दिसले. याच विश्लेषणाने आणखी एक गोष्ट दाखवली. मजकुरात अनोळखी शब्दांची दाटी वाढते तसे शिकण्याचे प्रमाण घटते. म्हणजे पुस्तक जितके अवघड तितके शिकणे अधिक, ही समजूत टिकत नाही.

इथेच फँटसीचे खरे बळ दिसते. तिच्या मालिका लांब असतात आणि जग एकच राहते. जगाचे स्वतःचे शब्द खंडामागून खंड परत येतात. एरिक्सन यांची ‘मलाझन’ मालिका १९९९ ते २०११ या काळात दहा जाड खंडांत आली. वुल्फ यांच्या कादंबरीचा निवेदक सेव्हेरियन हा छळ करणाऱ्यांच्या संघातला. त्यामुळे वधकर्त्यासाठीचा लॅटिन शब्द ‘कार्निफेक्स’ एकदा समजला की परत परत भेटतो. स्टीफन क्रॅशन यांनी एकाच लेखकाची, एकाच विषयाची पुस्तके सलग वाचण्याचा पुरस्कार फार पूर्वी केला होता, तो याच कारणासाठी. विखुरलेल्या दहा पुस्तकांपेक्षा एकाच लेखकाची पाच पुस्तके शब्दांना अधिक भेटी देतात.

किती अनोळखी शब्द चालतील?

अडखळणाऱ्या वाचकासाठी हा सर्वांत व्यवहारी प्रश्न. बतिया लॉफर यांनी १९८९ मध्ये मजकुरातले ९५ टक्के शब्द ओळखीचे असावेत अशी मर्यादा सुचवली. २००० मध्ये हू आणि नेशन यांनी कथेतले काही शब्द बनावट शब्दांनी बदलून पाहिले. ८० टक्के शब्द ओळखीचे असताना कोणालाही गोष्ट नीट कळली नाही. ९५ टक्क्यांना थोड्यांना कळली. आधाराविना सुखाने वाचायला सुमारे ९८ टक्के लागतात, असा त्यांचा निष्कर्ष. तीनशे शब्दांच्या पानाचा हिशेब केला तर ९८ टक्के म्हणजे पानामागे सहा अनोळखी शब्द, ९५ टक्के म्हणजे पंधरा, ८० टक्के म्हणजे साठ. पॉल नेशन यांच्या २००६च्या अंदाजानुसार कादंबऱ्या आणि वर्तमानपत्रे ९८ टक्के समजायला आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबे, म्हणजे मूळ शब्द आणि त्याची रूपे मिळून झालेले गट, माहीत असावी लागतात.

हे आकडे वाचून निराश होऊ नये. फँटसीत घडवलेले शब्द आणि नावे सर्वांनाच अनोळखी असतात, इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यालाही. वुल्फ यांचे पान वाचताना लंडनचा वाचकही अडखळतो. म्हणून पानावरचे अनोळखी शब्द मोजताना पहिली जात आधी वजा करावी. उरलेले शब्द पानामागे सहा-सात असतील तर पुस्तक आपल्यासाठी आहे. वीस-पंचवीस असतील तर ते पुस्तक दोन वर्षांनी वाचायचे आहे, आणि मधल्या काळात उर्सुला ले ग्विन यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) सारखी नितळ भाषेतली कादंबरी हाती घ्यावी. शब्दांची ताकद हाच ज्या जगाच्या जादूचा पाया आहे, ते जग ले ग्विन अगदी साध्या वाक्यांत उभे करतात.

संदर्भ नेहमी खरे बोलत नाही

‘संदर्भावरून अर्थ लाव’ हा शाळेतला जुना सल्ला. १९८३ मध्ये बेक, मॅकिओन आणि मॅकॅस्लिन यांनी सगळे संदर्भ सारखे नसतात हे दाखवून दिले. काही संदर्भ अर्थाकडे थेट नेतात, काही अंधुक दिशा देतात, काही काहीच सांगत नाहीत आणि काही चक्क चुकीच्या वाटेला लावतात. कथालेखकाचे काम गोष्ट सांगण्याचे असते, शब्द शिकवण्याचे नसते. त्यामुळे यात त्याचा दोष नाही.

फँटसीत हा धोका वाढतो, कारण लेखक जुना शब्द घेऊन त्याला नवे रूप देतो. याचे एक उदाहरण मराठी वाचकाला चटकन पटेल. डोनाल्डसन यांचे बालपण भारतात गेले. त्यांचे वडील इथे अस्थिशल्यचिकित्सक होते आणि कुष्ठरुग्णांवर उपचार करत. थॉमस कव्हनंट हा नायक कुष्ठरोगी असण्यामागे ती पार्श्वभूमी आहे. या मालिकेत रेव्हर नावाचे तीन दुष्ट आत्मे आहेत आणि त्यांची नावे आहेत तुरिया, समाधी आणि मोक्ष. त्याच तिघांना इतर लोक हेरेम, शिओल, जेहानम म्हणतात. दुष्टांनी स्वतःला दिलेली नावे मुक्तीची आणि त्यांना भोगणाऱ्यांनी दिलेली नावे शापाची व नरकाची, हा विरोध आपल्याकडच्या वाचकाला पहिल्या भेटीतच जाणवतो. फक्त त्या पुस्तकाच्या संदर्भावरून अर्थ लावणारा अमेरिकन वाचक मात्र मोक्ष म्हणजे एखादे सैतानी नाव समजून पुढे जाऊ शकतो. वुल्फ यांच्या डेस्ट्रिअरच्या बाबतीत आपली तीच स्थिती होते. संदर्भावरून जो अर्थ लागतो तो त्या पुस्तकातला असतो. शब्द पुस्तकाबाहेर वापरायचा असेल तर कोश पाहण्याला पर्याय नाही.

पुस्तक स्वतः किती शिकवते?

लेखकांनी या अडचणीवर वेगवेगळे उपाय योजले आहेत. फ्रँक हर्बर्ट यांच्या ‘ड्यून’च्या (१९६५) शेवटी साम्राज्यातल्या संज्ञांची सूची आहे. एरिक्सन पात्रांची यादी आणि शब्दसूची देतात, पण कथेत थांबून काही समजावत नाहीत. पुरातत्त्व आणि मानववंशशास्त्र शिकलेला हा लेखक वाचकालाही उत्खनन करायला लावतो. बर्जेस यांनी सूची दिली नव्हती. अमेरिकेतल्या आवृत्तीला स्टॅन्ली एडगर हायमन यांनी ती पुढे जोडली आणि बर्जेस यांना ते रुचले नाही.

सर्वांत सुंदर उपाय अ‍ॅडम्स यांचा. ‘वॉटरशिप डाउन’मध्ये ससेभाषेतले शब्द एकेक करून येतात. काहींना तळटीप असते, काही प्रसंगातून उलगडतात, आणि मग ते वारंवार वापरले जातात. कादंबरीच्या शेवटाकडे एक ससा शत्रूच्या सेनापतीला अख्खे वाक्य त्या भाषेत सुनावतो. अनुवाद दिलेला नाही, तरी वाचकाला ते कळते. कादंबरीने आपल्या वाचकाला भाषा शिकवल्याचा याहून चोख पुरावा मला माहीत नाही.

आपल्याकडे या आधाराची परंपरा जुनी आहे. ज्ञानेश्वरी घराघरांत वाचली गेली ती ‘सार्थ’ आवृत्त्यांमुळे, आणि शाळेच्या पुस्तकात धड्याखाली शब्दार्थ असतातच. समासातल्या किंवा तळाच्या अर्थाचा उपयोग प्रयोगांतही दिसला आहे. १९९६ मध्ये हुल्स्टाइन, होलँडर आणि ग्रेडानुस यांनी फ्रेंच शिकणाऱ्या डच विद्यार्थ्यांना एक कथा दिली. काहींना समासात अर्थ दिले, काहींना कोश दिला. समासातल्या अर्थांचा फायदा झाला. कोश हाती असलेल्यांनी तो फारसा उघडलाच नाही, पण ज्यांनी शब्द शोधला त्यांच्या तो चांगला लक्षात राहिला. मुग्धा कर्णिक यांचा ‘स्वामी मुद्रिकांचा’ हा टॉल्किनचा मराठी अनुवादही असाच आधार ठरू शकतो. आधी मराठीतून कथा कळली असेल, तर इंग्रजी वाचताना लक्ष शब्दांकडे देता येते.

विसरण्याविरुद्ध

शेवटचा प्रश्न टिकण्याचा. २००३ मध्ये वेअरिंग आणि ताकाकी यांनी जपानी विद्यार्थिनींना एका सोप्या इंग्रजी पुस्तकातून २५ नवे शब्द भेटवले. वाचन संपताच पर्यायांतून सरासरी दहाच्या आसपास शब्द ओळखले गेले. तीन महिन्यांनी पर्यायांशिवाय अर्थ सांगायला लावला तेव्हा सरासरी जेमतेम एक शब्द उरला होता. याचा अर्थ वाचन निरुपयोगी असा नाही. वाचन शब्दाशी ओळख करून देते आणि ओळख टिकायला पुन्हा भेट लागते, एवढाच याचा अर्थ. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवले की पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा न पाहता आठवण्याचा प्रयत्न केला तर गोष्ट अधिक काळ लक्षात राहते. अर्थ झाकून, थोडे अंतर सोडून शब्द आठवून पाहणे हा साधा नियम त्यातून निघतो. वही, कार्डे, फोनमधले ‘अँकी’ अ‍ॅप, काहीही चालेल.

या सगळ्याचे सार पाच वाक्यांत सांगता येईल. पहिल्या वाचनात गोष्ट महत्त्वाची, म्हणून प्रत्येक शब्दाला थांबू नये. घडवलेला शब्द पुस्तकावर सोपवावा, तो परत येईल. जो शब्द दुसऱ्यांदा भेटला आणि अजून कळला नाही, तोच खुणेला घ्यावा आणि प्रकरण संपल्यावर कोशात पाहावा. एका प्रकरणातून चार-पाचच शब्द वहीत घ्यावेत, ते ज्या वाक्यात भेटले त्या वाक्यासकट. आणि मालिका आवडली तर तीच पुढे वाचावी, मन भरले की पहिला खंड पुन्हा उघडावा, कारण दुसऱ्या वाचनात कथेची ओढ सैल झालेली असते आणि शब्द नीट दिसतात.

हाच मार्ग मराठीलाही लागू आहे. जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘काजळमाया’, ‘रमलखुणा’मधल्या रूपककथा आजच्या तरुण वाचकाला शब्दांपाशी थांबवतात. अशा वेळी मोल्सवर्थ यांचा कोश आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ दोन्ही इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. पालकांनी आणि शिक्षकांनी मुलांना ‘शब्द आपोआप येतील’ असे सांगून मोकळे होऊ नये. त्यांनी मुलांना पेलेल असे पुस्तक निवडून द्यावे, त्या लेखकाचे पुढचे पुस्तकही आणून द्यावे, आणि वाचलेल्या गोष्टीबद्दल त्यांच्याशी बोलावे. त्या बोलण्यात नवा शब्द मुलाच्या तोंडून आला, की तो त्याचा झाला.